सोबतीला चार माणसं

खर्डा,
ता. १९ नोव्हेंबर १९७२

चिरंजीव प्रभुदास आणि सौ. दया,

तुम्हा दोघांना आक्काचा सलाम. इकडे आम्ही आहोत म्हणायचं. विहिरीत घागर सोडली तर तळाचे दगड वाजतात. आमच्या मास्तरांची शाळा चालू आहे, पण अर्धी पोरं खडी फोडायला गेली आहेत. रविवारी उपासनेला मात्र गर्दी असते. संकट आलं की देव आठवतो, तसं.

प्रभू, हल्ली तुझं पत्र म्हणजे तार झाली आहे. दिवसभर टेलिफोनच्या ऑफिसात लोकांची बोलणी जोडून देतोस, म्हणून तुझे सगळे शब्द तिथेच संपतात की काय? आईच्या माघारी तुझं नाक मी पुसलं आहे. मला तरी दोन ओळी जास्त लिहीत जा.

पत्राचं कारण असं की साळूबाई आत्याचा मोतीबिंदू पिकला. तिला गुरुवारच्या गाडीत बसवून देते. तुमची खोली माळीवाड्याच्या स्टँडाला लागून आहे हे किती बरं झालं! गाडीतून उतरलं की तुमचंच दार. मुक्ताबाईची जाऊ मागच्या महिन्यात तुमच्याकडे राहून आली, तिने सगळ्या आळीत दयाचं कौतुक केलं. "अक्षी हातावर झेललं बघा," म्हणाली. ऐकून फार बरं वाटलं. आत्याची चार दिवसांची तर गोष्ट आहे.

दया, तुला काय विचारायचं ते तुला ठाऊक आहे. तीन वर्षं झाली. आमच्या घरातला पाळणा माळ्यावर धूळ खातो आहे.

तुमची आक्का,
लिडिया

---

अहमदनगर,
ता. ३ डिसेंबर १९७२

ती. आक्का आणि मास्तर यांस प्रभुदासचा सलाम.

आत्या सुखरूप पोहोचली. डोळा झाला. पट्टी सुटेपर्यंत इथेच राहील. आपल्या गावचा सहादेवही कोर्टाच्या तारखेला आला आहे, त्याची तारीख पुढे गेली म्हणून तोही आहे. मी हे जिन्यात बसून लिहितो आहे. घर भरलेलं आहे, म्हणजे आनंदच आहे.

दुष्काळामुळे आमच्याकडचं काम फार वाढलं. धान्य कुठे अडकलं, टँकर कुठे गेला, जो तो फोन करतो आणि जो तो ओरडतो. कानावरचं यंत्र काढलं तरी कानातलं 'हॅलो, हॅलो' थांबत नाही. काल दयाने जेवायला हाक मारली तर मी म्हटलं, "नंबर प्लीज." दया हसली. मग मीही हसलो.

झोप जरा कमी आहे. बाकी सर्व ठीक. काळजी करू नये.

तुझा,
प्रभुदास

---

खर्डा,
ता. १७ डिसेंबर १९७२

प्रिय प्रभू,

आत्या परवा आली. एका डोळ्याने सगळं गाव नव्याने बघते आहे आणि ज्याला त्याला म्हणते आहे, "किती म्हातारा दिसाया लागलास रं!" पण माझ्याजवळ बसून हळूच म्हणाली, "पोरगं बोलत न्हाई गं. जेवतं आन् भिताडाकडं तोंड करून बसतं. म्या इचारलं, काय हुतं रं बाबा? तर म्हनतं, काय न्हाई."

मला ते ऐकल्यापासून अन्न गोड लागत नाही. तुझं दुखणं मला कळलं. तुला करमत नाही. शहरात शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही असं म्हणतात. सगळा जन्म माणसांत गेलेला तू, तिथे घड्याळाकडे बघून जगतोस. मन खचणार नाही तर काय होईल?

यावर उपाय केला आहे. आपल्या शेजारचा गहिनीनाथ हमालीला नगरला निघाला आहे. त्याला सांगितलं, वेगळी खोली बघू नकोस, माझ्या भावाकडेच उतर. तुला माहीतच आहे, तो असला की बाकीच्यांना बोलावं लागत नाही. मोटेवरचा बैलसुद्धा त्याच्या गप्पा ऐकून हसायचा. नाताळात आम्हाला यायला जमणार नाही, पण गहिनीनाथ आहे म्हणजे आम्हीच आहोत असं समज.

सदैव तुझी,
आक्का

---

अहमदनगर,
ता. २१ जानेवारी १९७३

ती. वन्सं यांस दयाचा सलाम.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. तुम्ही रागावू नका.

गेल्या सोमवारी यांच्या ऑफिसातले दोघे जण यांना रिक्षातून घरी घेऊन आले. बोर्डावर दिवे लागत होते, लोक पलीकडून ओरडत होते आणि हे हात मांडीवर ठेवून नुसते बसून होते. साहेबांनी खांद्याला हात लावला तेव्हा हे रडायला लागले. साहेब भले आहेत. त्यांनी महिन्याची रजा लिहून दिली आणि आजाराच्या रकान्यात 'ताप' असं घालायला लावलं.

तापबीप काही नाही. अंग गार आहे. रात्री जागे असतात, दिवसा दचकतात. स्टँडवर गाडीने हॉर्न दिला की भिंतीला टेकतात. मिशनच्या दवाखान्यात एक वयस्क डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी पुष्कळ वेळ विचारपूस केली. घरात किती जण, झोपतात कुठे, दार कधी बंद होतं. मला वाटलं छातीला नळी लावतील, तर दाराचं विचारत बसल्या. शेवटी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, यांना शांतता हवी.

वन्सं, हे कुणाला सांगू नका. इथे एकाला कळलं की येरवड्याच्या वेड्यांच्या इस्पितळाचं नाव निघतं आणि मग नोकरी जाते. तुम्ही फक्त प्रार्थना करा.

गहिनीनाथभाऊजी आहेत. त्यांचा जीव चांगला आहे. ते सकाळी उठल्यापासून यांना हसवायचा प्रयत्न करतात.

तुमची,
दया

---

खर्डा,
ता. २८ जानेवारी १९७३

प्रिय दया,

पत्र वाचून खूप रडले. पण रडत बसून काय होणार? तू शहरातली नाहीस, पण तू मिशनच्या बोर्डिंगात वाढलीस, म्हणून तुला आमच्या गावची रीत सांगते.

आमच्याकडे माणसाचं मन खचलं तर त्याला एकटं सोडत नाहीत. बनुबाईचा थोरला मुलगा सर्पदंशाने गेला तेव्हा तिच्या नवऱ्याने अन्न सोडलं होतं, विहिरीच्या काठाने फिरायचा. तेव्हा हिंदू म्हणू नकोस, ख्रिस्ती म्हणू नकोस, सगळ्या गावाने पाळ्या लावल्या. कुणी त्याच्या ओट्यावर तंबाखू मळत बसायचं, कुणी डाव मांडायचं. झोपला तरी उशाला माणूस असे. पिकं निघेपर्यंत हे चाललं आणि माणूस उठला, औताला गेला. डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत, मी त्यांच्यापुढे काय बोलणार? पण शांतता हवी म्हणतात हे मला पटत नाही. एकट्या माणसाच्या डोक्यात सैतान वस्ती करतो.

गावात मी 'अशक्तपणा' एवढंच सांगितलं. आमचे मास्तर भजनाची मंडळी घेऊन येत्या गुरुवारी येत आहेत. टाळ आहेत, मृदंग आहे, चार जण आहेत. प्रभूला लहानपणापासून भजनाचं वेड. एकदा त्याच्या तोंडून सूर निघाला की मनातली घाण निघून जाईल. त्यांच्या जेवणाचं मनावर घेऊ नकोस, ते पिठलं-भाकरी खातील.

धीर सोडू नकोस. तुम्ही एकटे नाही आहात.

तुझी वन्सं,
लिडिया

---

अहमदनगर,
ता. १० फेब्रुवारी १९७३

वन्सं यांस,

तुमच्या पत्राला उत्तर पाठवायला वेळच नव्हता. पत्र बुधवारी आलं आणि माणसं गुरुवारी.

मास्तर घरी आल्यावर बोलले असतील, पण त्यांना सगळं ठाऊक नाही. ते शुक्रवारी सकाळच्या गाडीने निघाले तोवर मी त्यांना एवढंच सांगितलं होतं की हे सापडले, बरे आहेत, झोपले आहेत. कुठे सापडले ते सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

गुरुवारी दुपारी मंडळी आली. यांनी सगळ्यांना वाकून सलाम केला. स्वतः सतरंजी घातली. भजन सुरू झालं तसं चाळीतली माणसं दारात गोळा झाली. हे मध्ये बसले होते, मांडीवर ताल धरत होते, हसतसुद्धा होते. मास्तर मला म्हणाले, "बघा, खुलला की नाही?" मलाही तसंच वाटलं, वन्सं. मी खोटं सांगणार नाही. मग हे उठले, चहाला दूध कमी पडेल म्हणाले, तांब्या घेतला आणि खाली उतरले.

दूधवाला समोरच आहे. चहा उकळून काळा झाला तरी हे आले नाहीत. मी गहिनीनाथभाऊजींना पाठवलं. ते स्टँडभर फिरले. दिवस कलला तेव्हा केडगावच्या बाजूने रेल्वेचा एक गँगमन यांच्या दंडाला धरून चालवत घेऊन आला. तांब्या यांच्या हातात तसाच होता. मी जिन्याखाली उभी होते. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, रुळाच्या कडंला बसलं हुतं. म्या हाका मारल्या तर वळंना. मालगाडीचा टाईम झाल्ता, म्हून वढून काडलं. सांभाळा माणसाला."

मी यांना विचारलं, तिकडे का गेलात? तर म्हणाले, "तिथे कोणी बोलत नव्हतं." आणखी काही करायचं मनात होतं का, हे मी विचारलं नाही. विचारायची हिंमत माझ्यात नाही.

वन्सं, आज मला बोलू द्या, मग आयुष्यभर तोंड उघडणार नाही. तुमच्या बनुबाईच्या नवऱ्याला ओटा होता, शेत होतं, कंटाळा आला तर उठून चार पावलं लांब जायला जागा होती. आमची दहा बाय बाराची खोली आहे. गेल्या दिवाळीपासून या खोलीत आम्ही दोघंच असा एक दिवस गेला नाही. डोळ्यांची माणसं आली, कोर्टाची आली, हमालीची आली. हे सगळ्यांना गादी देतात आणि स्वतः दारात झोपतात. रात्रपाळी करून आले तर झोपायला जागा नसे, म्हणून स्टँडच्या बाकावर बसून उजाडायची वाट बघत. हे मला आता कळलं. तुम्ही पाळण्याचं विचारता. आमच्या दाराला आतून कडी शेवटची कधी लागली ते तरी मला आठवू द्या.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. थकलेल्या दिसल्या. म्हणाल्या, "अशी माणसं हल्ली माझ्याकडे रांग लावतात. कारखान्यातली असतात, कचेरीतली असतात, दुष्काळाने गाव सोडलेली असतात. अंगात कळ येते, झोप नाही, टॉनिक द्या म्हणतात. देवीची लस टोचायला सरकारची माणसं दारोदार फिरतात, पाण्यात औषध टाकतात. या आजाराचं कोणी दार वाजवत नाही. आणि हा एकट्या तुझ्या नवऱ्याचा आजार नाही, बाळ. सगळ्या गावाचा आहे." घरी आले तर शेजारच्या चांगुणाबाई म्हणाल्या, "आमच्या मालकांचं बी तेच हाय, पर आमी त्याला तापटपणा म्हंतो." त्यांच्या पाठीवरचा वळ मी पाहिलेला आहे.

मी गहिनीनाथभाऊजींना हात जोडले. ते बिचारे वळकटी घेऊन मार्केटच्या गोडाऊनमध्ये राहायला गेले. जाताना जिन्यात डोळे पुसत होते. त्यांचा काय दोष? तुमचा तरी काय आहे? पण आता कोणालाही पाठवू नका. डोळे असोत, दात असोत, कोणी मरत असो. पाठवू नका.

दया

---

अहमदनगर,
ता. २५ मार्च १९७३

प्रिय आक्का,

दयाने तुला काहीतरी तिखट लिहिलं असं तिच्याकडूनच कळलं. महिना होऊन गेला, तुझं पत्र नाही. तू दयावर रागावू नकोस. ती घाबरली होती.

मी आता बरा आहे. गोळ्यांनी झोप येते. दुपारीही झोपतो, एवढा मोठा झालो तरी. रजा वाढवून मिळाली. साहेब म्हणतात, परत आलास की बोर्डावर बसवणार नाही, बिलांच्या विभागात घालू. तिथे कागद बोलत नाहीत.

मला तुम्हा सगळ्यांची आठवण येते. भजनातून उठून गेलो याची लाज वाटते. मास्तरांना माझ्यातर्फे माफी माग. आणि तू मात्र ये. तू काय परकी आहेस? तू आलीस तर मला बरंच वाटेल.

तुझा,
प्रभू

---

खर्डा,
ता. १२ एप्रिल १९७३

प्रिय दया,

हे पत्र तुझ्या एकटीसाठी आहे. प्रभूला दाखवू नकोस.

मी मंगळवारी नगरला येऊन गेले.

तुझं पत्र आलं त्यानंतर मी मास्तरांशी आणि देवाशी, दोघांशीही अबोला धरला होता. तुझा राग आला होता. खोटं कशाला सांगू? काल आलेली पोर मला माझ्या भावाच्या घरी माणूस पाठवू नकोस म्हणते, असं मी स्वतःशी शंभरदा म्हणाले. मग त्याचं पत्र आलं. 'तू मात्र ये.' मी तुला कळवलंसुद्धा नाही. रेशनवरच्या परदेशी मिलोच्या लाल भाकरी त्याला आवडणार नाहीत म्हणून दोन घरं हिंडून ज्वारीचं पीठ मिळवलं, भाकरी भाजल्या, शेंगदाण्याची चटणी केली, आणि पहिली गाडी धरली.

दुपारी उतरले. ऊन मी म्हणत होतं. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान आहे, तिथे सावलीला जरा थांबले आणि तू दिसलीस. खालच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होतीस. एक भंगारवाला ओरडत आला, तू ओठांवर बोट ठेवून त्याला हात जोडलेस. तो गप्प निघून गेला. मग दोन बाया भांडत आल्या, त्यांनाही तू हात केलास, तर त्या चक्क पुढे जाऊन भांडायला लागल्या. वर नजर टाकली तर तुमचं दार लावलेलं होतं, दाराशी एकच जोड चपला. तुमच्या दाराशी एकच जोड मी कधी पाहिला नव्हता.

तेव्हा मला कळलं की तो झोपला आहे आणि तू राखण करते आहेस.

मी दोन पावलं पुढे आले होते. मी आले असते तर तू उठली असतीस, पदर सावरून पाया पडली असतीस, त्याला हाक मारली असतीस. तो उठला असता, हसला असता, मला गादी दिली असती. तो मला 'ये' म्हणाला, कारण त्याला 'नको' म्हणता येत नाही. लहानपणी पोट भरलं तरी मी ताटात वाढत राहायची आणि तो खात राहायचा. शेवटी ओकायचा, पण 'बास' म्हणायचा नाही. मला त्याला बघायचं होतं गं. एकदा तोंडावरून हात फिरवायचा होता. तिथेच उन्हात गाठोडं उराशी धरून उभी राहिले, तर दुकानदाराने विचारलं, "आजी, पानी पायजे का?" मी काय आजी दिसते?

मग मी वळले. स्टँडावर जाऊन परतीची गाडी धरली. भाकरी गेल्या तशा परत आणल्या. गाडीत एकही घास उतरला नाही.

पारावर मला उतरताना सगळ्यांनी पाहिलं. सकाळी गेलेली बाई, त्याच गाठोड्यासकट संध्याकाळी परत. बनुबाई धावत आली. तिच्या लेकीला दिवस राहिले आहेत, ती अवघडलेली आहे, तिला बाळंतपणाला नगरला न्यायचं चाललं होतं, उतरायचं अर्थात तुमच्याकडे. तिने विचारलं, "का गं लिडिया, भावाकडं ऱ्हायली न्हाईस?" मी म्हटलं, "दारातूनच परत आले." एवढंच बोलले. यात खोटं काही नाही.

दया, ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. माझ्या भावाला लोक काय काय म्हणतात ते तुला लिहीत नाही. ज्यांना त्याने गादी दिली तेच जास्त बोलतात. आत्या तर त्या नव्या डोळ्याने रडली आणि शाप देऊन मोकळी झाली. मी त्याला लहानाचा मोठा केला, मला ते ऐकवत नाही. पाण्याच्या टँकरशी रांगेत उभी राहते आणि खाली बघते.

आज सकाळी रांगेत सगळ्यांदेखत बनुबाई म्हणाली, "सख्ख्या भनीला ज्यानं दारातून परत लावलं, त्याच्या उंबऱ्याला कोन जाईल गं आता? माझी लेक मी जामखेडलाच ठिवती."

मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "व्हय बाई. कुनीच जाऊ नगा."

तुझी वन्सं,
लिडिया